सातव्या नळीचं शुद्धिपत्र

९ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. कान कसे आहेत हे विचारत नाही, कारण मामी म्हणते तू हल्ली सोयीप्रमाणे बहिरा होतोस. तीस वर्षं ड्रिलशेजारी उभं राहून तुझे कान गेले. त्यामुळे फोनवर आपलं बोलणं म्हणजे मी घसा फोडून "पार्सल पोचलं का?" विचारायचं आणि तू "हो, इकडेही गरम होतंय" म्हणायचं. तेव्हा पत्रच बरं. मामीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना चढणं कमी कर. हे ऐकून ती मुद्दाम चार खेपा जास्त घालेल, पण मी विचारलं होतं एवढं तरी तिला कळेल.

इकडचं म्हणशील तर आमच्या विभागाला शेवटी नवी शीतखोली मिळाली. सगळ्या तलावांचा चिखल आता आमच्यापेक्षा बऱ्या हवेत राहतो. माझ्या खोलीची खिडकी मात्र अजून अर्धीच उघडते, आणि टेबलावर दगड, दगडांखाली कागद, कागदांवर कपांचे गोल डाग. दहा एप्रिलला विभागप्रमुखपदाची मुलाखत आहे. तिघं जण आहोत. बाकीचे दोघं माझ्याहून मोठे आहेत, पण त्यांच्याकडे माझ्या त्या पेपरसारखा पेपर नाही, असं सगळे म्हणतात.

त्या पेपरबद्दलच लिहायचं होतं.

मामी परवा फोनवर म्हणाली की फेब्रुवारीपासून तू यार्डात जात नाहीस. ड्रिलिंगच्या साहेबांनी नियम काढला म्हणे, की तुझ्या हातच्या नळ्यांवर दुसऱ्या कुणाची तरी सही लागेल. त्यावर तू हातमोजे टेबलावर ठेवून घरी आलास. आणि घरी येऊन स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्यास. मामी सांगत होती की तिने दोनदा चहात मीठ घातलं. ती हसत सांगत होती, मीही हसले. नंतर फोन ठेवल्यावर हसू आलं नाही.

माझ्या पेपरचं ते शुद्धिपत्र साहेबांनी सगळ्या टोळीसमोर वाचून दाखवलं हे मला माहीत नव्हतं. तू इंग्रजी वाचत नाहीस, म्हणून तुला कुणी काय सांगितलं कुणास ठाऊक. म्हणून मीच सांगते. नऊ वर्षांपूर्वी तू तराफ्यावर उभं राहून तलावाच्या तळातून नऊ नळ्या भरून चिखल काढून दिलास. एकाखाली एक लावल्या की नऊ मीटर, म्हणजे सात-आठ हजार वर्षांचा गाळ. त्यावरून मी पेपर लिहिला की तो तलाव एकेकाळी अचानक, एका पिढीच्या आत आटला आणि मग हळूहळू पुन्हा भरला. तो 'अचानक' शब्द लोकांना फार आवडला. गेल्या वर्षी दुसऱ्या एका गटाने तिथेच नळ्या घातल्या, तर त्यांना बरोबर उलटं दिसलं. हळूहळू आटला, अचानक भरला. त्यांनी सभ्यपणे मला पत्र लिहिलं. आमच्या नळ्या पुन्हा तपासल्या तर सातवी नळी उलटी असल्याचं लक्षात आलं. मग जर्नलमध्ये शुद्धिपत्र द्यावं लागलं. त्यातलं वाक्य मराठीत असं होईल:

"नळी क्रमांक सातची दिशा क्षेत्रकामादरम्यान चुकीची नोंदवली गेली होती."

एवढंच. तुझं नाव नाही, कुणाचंच नाही. आमच्या धंद्यात लिहायची पद्धतच अशी आहे. नमुने गोळा केले जातात, वाळवले जातात, मोजले जातात. कोण करतं ते लिहायचं नसतं. शोधनिबंधात कर्ता नसतो रे मामा, मी पोरांना पहिल्याच तासाला हेच शिकवते. तेव्हा साहेबांनी त्यातून भलताच अर्थ काढला असेल तर तो त्यांचा अडाणीपणा. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तू मामीकडे निरोप दिलास की तुझी ड्रिलिंगची वही साहेबांना दाखवायची आहे. ती मी गेल्या शरदात तपासायला म्हणून नेली होती खरी. शीतखोलीच्या हलवाहलवीत सामान कुठल्या कुठे गेलंय. शोधते आहे.

तब्येतीला जप. डब्यांवर चिठ्ठ्या परत लाव, मामी कुणाला तरी मारून टाकेल.

तुझी,
चिखलू


२ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं कार्ड मिळालं. तू पत्र लिहितोस की तार करतोस? "पत्र पोचलं. नोंदवली गेली म्हणजे कुणी नोंदवली? वही पाठव." नऊ शब्द. मी दोन पानं लिहिली होती.

खरं सांगते, वाचून आधी राग आला. वाटलं, याला इतकं समजावून सांगितलं तरी हा तिथेच. मग कार्ड टेबलावर कपाखाली ठेवलं आणि दिवसभर कप उचलला नाही.

कुणी, असं विचारतोस तर सगळं नीट सांगते. तुझी पद्धत मला लहानपणापासून ठाऊक आहे. नळीच्या वरच्या झाकणावर 'वर' आणि खालच्या टोकाला नळीवरच 'खाली'. तेलकट काळी पेन्सिल, शाळकरी गोल अक्षर. आई गेल्यानंतरच्या सुट्टीत तू मला पहिल्यांदा तराफ्यावर नेलंस, तेव्हा माझ्या दप्तरावरही 'वर' लिहून दिलं होतंस आणि वर्गात महिनाभर मला सगळे चिडवत होते. चिखलाला डोकं कुठलं आणि पाय कुठले ते स्वतः सांगता येत नाही, म्हणून आपण त्याच्यासाठी लिहायचं, असं तू म्हणायचास. तेव्हा तुझ्या पद्धतीबद्दल मला कुणी काही शिकवायला नको.

तर झालं असं. नळ्या प्रयोगशाळेत आल्यावर झाकणं धुण्यात मिसळली. त्यामुळे 'वर' गेलं. सातव्या नळीवर फक्त 'खाली' उरलं. आणि ते ज्या टोकाला होतं, ते टोक हातभर मोकळं होतं, आत कापड कोंबलेलं. आता तूच सांग, मोकळ्या टोकावर 'खाली' लिहिलेलं दिसलं तर माणूस काय वाचेल? खोली खाली कर, डबा खाली कर, तसंच. खाली म्हणजे रिकामं. आणि नळी चिखलात दाबताना रिकामी जागा बहुतेक वेळा वरच्या बाजूला राहते, हे तुलाही माहीत आहे. म्हणून ते टोक वरचं धरलं गेलं.

म्हणजे चूक कुणाची असेल तर त्या शब्दाची. एका शब्दाचे दोन अर्थ. तू 'तळ' लिहिलं असतंस तर हे झालंच नसतं, असं आमच्या इथले एक सहकारी म्हणाले. मी म्हणत नाही, ते म्हणाले. पण तशा अर्थाने पाहिलं तर खुणेतच घोटाळा होता, आणि शुद्धिपत्रातलं वाक्य अगदीच खोटं नाही.

हो, मी तुला विचारायला हवं होतं. हे मी कबूल करते. पेपर छापण्याआधी तो दोन परीक्षकांकडे जातो. आमच्यात दुसऱ्या परीक्षकाला सगळेच शिव्या घालतात, कारण पहिला कौतुक करतो आणि दुसरा पोटात गोळा आणतो. या दुसऱ्याने लिहिलं होतं की सातव्या नळीतली वयं उलटी येतात, खालच्या चिखलाचं वय वरच्यापेक्षा कमी निघतं, तर ही नळी सुलट आहे याची खात्री केली आहे का. आम्ही उत्तर दिलं की डोंगरावरून जुना कोळसा वाहून येऊन वरच्या चिखलात मिसळला असावा, त्यामुळे ती वयं बिघडली. हे होतं कधी कधी. खरंच होतं. तेव्हा मला ते अगदी पटलं होतं.

आता कामाचं. मामी म्हणाली, पंचवीस एप्रिलला साहेब नव्या तलावाच्या ड्रिलिंगचा मुख्य मिस्त्री ठरवणार आहेत. चाळीस मीटर खोल, तू आयुष्यभर ज्याची वाट पाहिलीस तसा तलाव. तुझ्या वयाला पुन्हा असं काम येणार नाही हेही मला कळतं. म्हणून या पत्रासोबत साहेबांच्या नावे एक शिफारसपत्र जोडलं आहे, विभागाच्या शिक्क्यासह. त्यात लिहिलंय की तुझ्यासारखा काळजीने काम करणारा मिस्त्री मी पाहिला नाही, आणि एखादी चूक कुणाकडूनही होऊ शकते. एवढ्याने काम व्हावं.

वही अजून हाती लागली नाही. मिळाली की पाठवते.

मुलाखत आठ दिवसांवर आली. आशीर्वाद असू दे.

तुझी,
भाची


वर

२१ एप्रिल

मामा,

माझं शिफारसपत्र तू परत पाठवलंस. पाकीट उघडलेलं, कागद घडी घालून पुन्हा आत ठेवलेला, सोबत एक अक्षर नाही. आधी वाटलं, चल, रागावला तर रागावला. मग पाकीट उलटसुलट करून पाहिलं. तुझ्याकडून आलेल्या प्रत्येक पाकिटावर, पार्सलवर, बहिणीच्या लग्नात आलेल्या साडीच्या खोक्यावरसुद्धा कोपऱ्यात 'वर' लिहिलेलं असतं. या पाकिटावर नव्हतं.

मी खुर्चीत बसून राहिले. दुपारचा तास होता, पोरं वर्गात वाट बघत होती. कुणी तरी दार वाजवून गेलं, मी उठले नाही.

मामा, वही हरवलेली नाही. ती कधीच हरवली नव्हती. माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूच्या दुसऱ्या खणात होती, किल्ली माझ्याच पर्समध्ये. तुला पहिलं पत्र लिहीत होते तेव्हा ती माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती. 'शोधते आहे' असं मी तिच्या शेजारी बसून लिहिलं.

त्या वहीत काय आहे हे तुला पाठ असेल, तरी मी इथे उतरवते, म्हणजे मी ते वाचलं होतं हे तुला कळेल.

"नळी ७. उचलताना खालून हातभर चिखल गळाला. खालचं तोंड रिकामं. स्पंज संपला, शर्टाची बाही कोंबली. वर झाकणावर लिहिलं, खाली नळीवर लिहिलं. पोरीला सांगणे."

आणि 'पोरीला सांगणे' याच्यापुढे बरोबरची खूण. म्हणजे सांगितलंस.

मामा, तू सांगितलं होतंस. मला आठवतं. तराफा काठाला लागला होता, तू पाण्यात गुडघाभर उभा होतास, एक बाही नसलेला निळ्या चौकड्यांचा शर्ट अंगात. तू नळीवर हात ठेवून काहीतरी म्हणालास आणि मी टिपणं भरता भरता मान वर न करता म्हटलं, "हो रे मामा, कळलं." एवढं आठवतं. काय कळलं ते आठवत नाही, कारण मी ऐकलंच नव्हतं. तू बहिरा आहेस म्हणून मी सगळ्यांना गमतीने सांगत आले. त्या दिवशी बहिरी मी होते.

आणि वहीत तू 'रिकामं' हा शब्द वापरला आहेस. रिकाम्याला रिकामं, खालच्याला खाली. एकाच ओळीत दोन्ही शब्द, वेगवेगळे. हे वाचून सहा महिने झाल्यावर मी तुला दोन एप्रिलचं पत्र लिहिलं की खुणेतच घोटाळा होता. 'तळ' लिहायला हवं होतं असं म्हणणारा सहकारी वगैरे कुणी नाही. तो मी तुझ्यासाठी तयार केला. ते वाक्य लिहिताना माझा हात अडखळला नाही, याचीच आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

तू विचारलंस, कुणी. मी तुला दोन पत्रांत कर्त्याशिवाय वाक्यं लिहून दाखवली. आता कर्ता घालून लिहिते.

झाकणं मी धुतली. मीच सगळी एका बादलीत टाकली, कारण त्या दिवशी मला घाई होती. ती धुण्यात आपोआप मिसळली नाहीत. 'खाली' हा शब्द मी रिकामं असा वाचला, एवढी एकच चूक सरळ मनाने केलेली आहे. बाकीची एकही तशी नाही.

उलटी वयं मी पाहिली. दोन रात्री नाही, दोन महिने पाहिली. मनात कुठेतरी मला ठाऊक होतं. नळी उलटी केली तर वयं सुलट होतात हे कागदावर करून पाहायला दहा मिनिटं लागली असती. मी ती दहा मिनिटं काढली नाहीत, कारण मग 'अचानक आटला' गेलं असतं आणि 'हळूहळू आटला' उरलं असतं. हळूहळू आटलेले तलाव पुष्कळ आहेत, त्यांच्यावरचे पेपर कुणी उचलून धरत नाही.

दुसऱ्या परीक्षकाला आम्ही उत्तर दिलं असं मी तुला लिहिलं. आम्ही नाही. मी दिलं. आणि कोळशाच्या गोष्टीपुढे एक वाक्य मी तुला सांगितलंच नाही. ते असं: "नळीच्या दिशेची खात्री ड्रिलिंग करणाऱ्या मिस्त्रींकडून करून घेण्यात आली आहे." तू त्या वेळी मामीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात बसला होतास. मी तुला फोन केला नाही, पत्र लिहिलं नाही. तुझा शब्द मी तुला न विचारता वापरला, कारण तुझ्या शब्दावर कुणी शंका घेत नव्हतं. त्या परीक्षकाने पुढे काही विचारलं नाही. मिस्त्रींनी सांगितलं म्हटल्यावर त्याचं समाधान झालं.

आणि शुद्धिपत्र. ते लिहायच्या दोन दिवस आधी मी वहीचं ते पान वाचलं होतं. वाचून खण बंद केला, किल्ली फिरवली आणि "क्षेत्रकामादरम्यान चुकीची नोंदवली गेली" असं लिहिलं. काठावर, पाण्यावर, तराफ्यावर जो कुणी होता त्याच्यावर ढकललं. तिथे माझ्याशिवाय एकच माणूस होता. कर्ता न लिहिण्याची पद्धत आहे, हे खरं आहे. पण मी ती पद्धत तुझ्या आड लपायला वापरली. तुझ्या साहेबांचं वाचणं अडाणीपणाचं नव्हतं. ज्या अर्थाने मी लिहिलं त्याच अर्थाने त्यांनी वाचलं.

दहा तारखेची मुलाखत झाली. चांगली झाली. समितीतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "शुद्धिपत्र स्वतःहून दिलंत, हा प्रामाणिकपणा हल्ली दुर्मीळ आहे." मी मान खाली घालून आभार मानले. त्यांना वाटलं विनय. बाहेर आले आणि जिना कठड्याला धरून उतरले. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, कशी झाली? मी म्हटलं, मिळेल बहुतेक. तो पेढे... जाऊ दे, तो आनंदाने फोन करायला धावला आणि मी आधी तोंड धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी तुझं पाकीट आलं.

आता मी काय केलं ते ऐक. हे सगळं आधी करून मग पत्र लिहायला बसले आहे, म्हणजे मला मागे फिरता येऊ नये.

परवा मी जर्नलच्या संपादकांना पेपर मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. शुद्धिपत्रावर शुद्धिपत्र नाही, पेपरच मागे. त्यात लिहिलं आहे: "नळी क्रमांक सात मिस्त्रींनी सुलट आणि स्पष्ट खुणेसह दिली होती. ती प्रयोगशाळेत मी उलटी ठेवली. परीक्षकांना मी दिलेली खात्री खोटी होती. आधीच्या शुद्धिपत्रातील विधानही खोटे होते, आणि ते लिहिताना मला ते माहीत होते." त्याखाली तुझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तू सही करतोस तसं, आणि वहीच्या पानाचा फोटो. संपादकांचं काल उत्तर आलं. फार थोडक्यात, तुझ्या कार्डासारखं. स्वीकारलं म्हणतात, पुढच्या अंकात येईल.

तेच पत्र मराठीत करून तुझ्या साहेबांना वेगळं पाठवलं आहे. पंचवीस तारखेच्या आत पोचावं म्हणून पोचपावतीसह. त्यांनी शुद्धिपत्र टोळीसमोर वाचलं होतं, तर हेही टोळीसमोर वाचावं अशी विनंती केली आहे. त्यांनी नाही वाचलं तर मला कळव, मी येऊन वाचेन.

मुलाखत समितीलाही प्रत दिली. विभागप्रमुखपद आता येणार नाही, हे धरून चालते. आहे ती नोकरीही राहते का बघायचं. चौकशी बसेल. माझ्या दोन विद्यार्थिनींचं काम त्या पेपरवर उभं होतं, त्यांना आज सकाळी समोर बसवून सांगितलं. एक रडली. दुसरीने वही काढली आणि नळीला खुणा करायची तुझी पद्धत पुन्हा एकदा विचारून घेतली. मी सांगितली.

हे तुला सांगते आहे ते माझी कीव करावीस म्हणून नाही. यातलं एकही तुझ्यामुळे झालेलं नाही, एवढं तुझ्या हाती लेखी असावं म्हणून.

या पार्सलात तुझी वही आहे. ती ज्या कापडात गुंडाळली आहे ते ओळखशील. सातव्या नळीतून ती बाही मी नऊ वर्षांपूर्वी काढली आणि फेकवली नाही म्हणून कपाटात ठेवली होती. धुतली आहे, पण चिखलाचा डाग गेला नाही. मामीला म्हणावं, चिडू नकोस.

मी स्वतः वही घेऊन यायला हवं होतं. बसचं तिकीट काढायला गेले आणि रांगेतून परत आले. तुझ्या दारात उभं राहून तुझ्याकडे बघायचं धाडस अजून होत नाही. तू बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर तोही तुझा अधिकार, त्याबद्दल मी मामीमार्फत रदबदली करणार नाही. माफ कर असं लिहिणार होते. पण गेल्या दोन पत्रांत मी इतकं खोटं लिहिलं की तो शब्द आता माझ्याच हाताने लिहिलेला मला खरा वाटणार नाही. तो समोर आले तर बोलेन.

एवढंच मागते, डब्यांवर चिठ्ठ्या लाव. आणि चाळीस मीटरच्या नळ्यांवर तुझ्याच अक्षरात लिही, 'वर' आणि 'खाली', जसं लिहीत आलास तसं. कुणी 'तळ' लिही म्हणालं तर ऐकू नकोस.

आधीच्या पत्रांत मी 'चिखलू' अशी सही केली, मग 'भाची' अशी केली. या वेळी कुठली करावी कळेना. तू मला काय म्हणायचं ते तूच ठरव. मी फक्त कर्ता लिहिते.

सातवी नळी उलटी ठेवणारी,
मी

खाली